आष्टीमार्गे अमेरिका

मुलाकडं सहा महिने अमेरिकेत राहून आलेल्या माणसाला काहीतरी सांगायचं असतं. घरच्यांना सगळं व्हिडिओ कॉलवर रोजच्या रोज कळलेलं असतं. शेजाऱ्यांचा रस चॉकलेटांपुरता. राहता राहिले तीन जुने मित्र: मास्तर, कापडवाला आणि कंडक्टर. त्यांच्यासाठी मी नायगारा जपून ठेवला होता.

2025 चा ऑक्टोबर सरत आला होता. आमची बैठक ठरली बीडजवळच्या कपिलधारला, कार्तिकी पौर्णिमेच्या आत. पौर्णिमेला मन्मथस्वामींच्या यात्रेसाठी कर्नाटक-तेलंगणातूनही पायी दिंड्या येतात, तेव्हा निवांत टेकायला जागा मिळणं कठीण. मांजरसुंब्याहून आत वळलो, तर डोंगर अजून हिरवा. सप्टेंबरात पावसानं मराठवाड्यात शेतं खरवडून नेली होती, त्याच पावसाची धार इथं कड्यावरून गुमान पडत होती. समाधीचं दर्शन झालं. ‘परमरहस्य’ लिहिणाऱ्या स्वामींपुढं चौघांनी डोकं टेकवलं आणि सावली बघून धपाटे सोडले.

मी घसा साफ केला. नायगाऱ्याच्या पाण्याबद्दल अमेरिका आणि कॅनडाचा 1950 चा करार आहे, पर्यटनाच्या दिवसांत दिवसा जेवढं पाणी धबधब्यावर सोडतात त्याच्या निम्मंच रात्री सोडतात, बाकीचं वीज करायला वळवतात, वगैरे.

“म्हंजी तिथंबी लोडशेडिंगच की!” कापडवाला म्हणाला आणि ठेच्याचा डबा पुढं सरकवला. नायगारा तिथंच आटला.

कारण त्यांच्याकडं माझ्यापेक्षा मोठी बातमी होती. मी तिकडं असताना, 17 सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनाच्या मुहूर्तावर, बीडला रेल्वे आली होती. 1995 साली मंजूर झालेला अहिल्यानगर-बीड-परळी मार्ग. आमच्या पोरांची लग्नं झाली, नातवंडं शाळेत गेली, आणि दर निवडणुकीला ‘आलीच’ म्हणून सांगितलेली गाडी खरंच आली, तेव्हा मी नेमका न्यू जर्सीत भांड्यांचं मशीन लावत होतो. हे तिघं मात्र अहिल्यानगरला जाऊन, चहा पिऊन परत आले होते.

मग सुरू झालं प्रवासवर्णन. मास्तरांनी स्टेशनं ओळीनं सांगितली; रायमोहा, अमळनेर, आष्टी, जशी आम्हाला शाळेत नद्यांची नावं पाठ करून घ्यायचे तशी. कापडवाल्यानं खिडकीतून दिसलेली ज्वारी सांगितली, कुणाच्या विहिरीला किती पाणी तेही सांगितलं. पण खरा जीव ओतला तो आमच्या निवृत्त कंडक्टरनं. उभी हयात एसटीत तिकिटाला चिमटा लावण्यात गेलेला माणूस. अख्ख्या गाडीत कुणी त्याचं तिकीट बघितलं नाही! अहिल्यानगरपर्यंत ते त्यानं हातातच धरून ठेवलं होतं.

“असल्या कारभारानं रेल्वे चालायची कशी रं?” एसटीच्या अभिमानानं तो अजून तापलेला होता.

मीही विमान काढून बघितलं. तिथं तरी तिकीट तपासतात का, एवढंच त्यानं विचारलं. मोबाइलवरच्या चौकोनावर मशीन लाल प्रकाश टाकतं म्हटल्यावर त्यानं माझ्याकडं, सहा महिने परक्या घरी उपाशी राहिलेल्या नातेवाइकाकडं बघावं, तसं बघितलं. आणि पिशवीतलं सगळ्यात मोठं सीताफळ माझ्या हातावर ठेवलं. बालाघाटातलं, बीडच्या सीताफळाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, हे मास्तरांनी लगेच जोडलं. डोळे उघडलेलं, अंगठा लावला की उकलणारं. बोलायला तोंड रिकामं राहिलं नाही. माझी चॉकलेटं मधुमेहवाल्या कापडवाल्यानं ‘नातवाला’ म्हणून खिशात घातली आणि उतारावर दोन खाल्ली.

परळीपर्यंत रूळ पडले की पहिल्या गाडीनं वैजनाथाला जायचं ठरलंय. त्या वेळी अमेरिकेत जाऊन बसायचं नाही, अशी मला सक्त ताकीद आहे.