दहा बाय बाराचा घुमट

बंगळुरूतल्या जे. पी. नगरच्या कुठल्याही फेजमध्ये हा गृहस्थ राहत असतो. मूळचा सोलापूरचा, पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये. इलेक्ट्रिक गिटार त्याने एका दुपारीत पसंत केली. रिव्हर्ब, म्हणजे तिचा सूर घुमवणारा इफेक्ट, मात्र अजून ठरायचा आहे. स्प्रिंग, प्लेट, हॉल, शिमर, सगळी स्थळं बघून झाली, पत्रिकाही जुळतात, होकार तेवढा येत नाही. दुसऱ्या फेजमधल्या रंगशंकर नाट्यगृहात नाटक वेळेवर सुरू होतं आणि उशिरा येणाऱ्याला आत घेत नाहीत. याची तिकिटं बऱ्याचदा वाया जातात, कारण निघता निघता त्याला शेवटची एक सेटिंग ऐकायची असते.

लोक याला खरेदीचं वेड म्हणतात. मला वाटतं, दोष खोलीचा आहे. आवाज किती वेळ घुमेल हे खोलीचं आकारमान आणि आवाज शोषणाऱ्या वस्तू ठरवतात, हे सॅबिन नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच दाखवून दिलं. दहा बाय बाराच्या खोलीत गादी, पडदे आणि कपड्यांखाली दिसेनाशी झालेली खुर्ची असली, की सूर फार टिकत नाही. त्यात वरच्या मजल्यावरच्या आजींसाठी हेडफोन लावावा लागतो, म्हणजे उरलीसुरली खोलीही गेली. कोरड्या तारेत प्रत्येक चूक स्पष्ट ऐकू येते. रिव्हर्ब ती झाकतो. म्हणून पहिल्या संध्याकाळी रिव्हर्बचं प्रत्येक पेडल स्वर्गीय वाटतं. पण पारख करायला सोबत ड्रम, बेस, गायक यांपैकी कोणीच नाही. मग निवड करायची कशाच्या आधारावर?

यावर तो म्हणेल, मोठ्या स्टुडिओतले लोकही असेच चोखंदळ असतात. असतात, पण त्यांच्यापुढे गाणं असतं. शिवाय 1957 साली आलेला ईएमटी 140 हा जर्मन प्लेट रिव्हर्ब म्हणजे पोलादी पत्र्याचं अडीचशे किलोंहून जड धूड; दर शनिवारी बदलून बघायची सोयच नव्हती. फेंडरच्या 1961 च्या स्प्रिंगच्या पेटीला तीन बटणं होती, आणि तेवढ्यावर कॅलिफोर्नियात सर्फ संगीत उभं राहिलं. 2013 च्या स्ट्रायमन बिगस्कायमध्ये बारा प्रकारचे रिव्हर्ब आहेत, आणि प्रत्येकाला अर्धा डझन बटणं. यात निर्णय लवकर झाला तरच आश्चर्य. बँडमध्ये वाजव म्हणावं, तर ऑफिसच्या वार्षिक कार्यक्रमात तो वाजवतोही. घरी निवडलेला लांबलचक हॉल तिथे ड्रममध्ये मिसळतो आणि सगळ्याचा लगदा होतो. त्यावरून तो निष्कर्ष काढतो की पेडल चुकलं.

रिव्हर्ब जितका मोठा तितकं संगीत मोठं, ही समजूत मोडायला खरं तर त्याच्या वाटेवरच पुरावा उभा आहे. दिवाळीला सोलापूरला जाताना विजापूर लागतं. तिथल्या सतराव्या शतकातल्या गोल घुमटात शाळेची सहल शिरली की सगळी पोरं एकदम ओरडतात, आणि एकाचाही शब्द कळत नाही. आमचा गृहस्थ पोरं बाहेर जाईपर्यंत थांबतो, एक टाळी वाजवून ती मोबाईलवर रेकॉर्ड करतो, आणि हा घुमट भरता येईल असं पेडल कुठलं, याची चौकशी हॉस्पेट यायच्या आत सुरू झालेली असते. सोलापूर उलट्या दिशेला राहिलं, हे बायको लक्षात आणून देते.