बुलबुल अधिक, मैना वजा

मामाने मुंबईहून सालिम अलींचं ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’ आणलं तेव्हा मी चौथीत होतो आणि इंग्रजी तेव्हा पाचवीपासून असे. 1941 साली पहिल्यांदा निघालेल्या या पुस्तकात माझ्यासारख्यांची एक सोय मात्र होती. पक्ष्याचं माप चिमणी, बुलबुल, मैना, कावळा असं दिलेलं आणि पुढे अधिक नाहीतर वजा. तेवढं गणित येत होतं. बिरवाडीच्या आमच्या परसात कुणी उतरलं, की ते ‘बुलबुल अधिक’ की ‘मैना वजा’ हे मी आधी ठरवायचो. चित्र सापडेपर्यंत पक्षी काळ नदीपार.

“बुकात काय बघतोस? झाडावर बघ,” आजी म्हणायची.

सातभाईंना इंग्रज ‘सात बहिणी’ म्हणतात, असं मी तिला ऐकवलं. शेवग्याखालचा कलकलाट तिने क्षणभर ऐकला. “बहिणी कसल्या? वाटणी चाललीय ती. भाऊच.” आमचा सातबारा पाहिलेल्या कुणालाही हे पटेल.

सुगरणीचं प्रकरण तिला जास्त झोंबलं. सालिम अलींनी 1930च्या सुमारास आपल्याच जिल्ह्यात, किहीमला, या पक्ष्याचा अभ्यास केला. घरटं विणतो नर. मादी येते, आतबाहेर तपासते, पसंत पडलं तर राहते. आणि हा पठ्ठ्या दुसरीसाठी नवं घरटं विणायला घेतो. मामाने हे वाचून दाखवल्यावर आजी म्हणाली, “काम त्याचं नि नाव तिचं? आमच्याकडे तर उलटंच पाहिलं बाई.” आजोबा अंगणात निघून गेले.

तांबटासाठी मी अख्खी सकाळ पिंपळाखाली मान वर करून काढली. टुक टुक टुक, अगदी पुस्तकात असावं तसं. मान अवघडल्यावर कळलं, आवाज पंक्चरवाल्याच्या हातोडीचा होता. पुस्तकात बरोबरची खूण करून झाली होती. ठेवली.

परवा माळ्यावर ते पुस्तक मिळालं. रोहित पक्ष्यासमोरही पेन्सिलीची खूण! शेजारी माझंच अक्षर: ‘नदीवर. एक. म्हशीच्या पाठीवर.’ पावसाआधी नारिंगी झालेला गायबगळा असणार, दुसरं काय! मी खोडरबर शोधत होतो, तोवर पुतणीने वाचलंच.

“काका, रोहित म्हशीवर बसतो?”

“तेव्हा बसायचा,” मी म्हटलं. “तेव्हाच्या म्हशी मोठ्या होत्या.”