तिसरा डबा

शेजारच्या खोलीतून ‘गेला रे गेला!’ अशी आरोळी आली, तेव्हा आमच्या पडद्यावर गोलंदाज अजून चेंडू पँटीला घासत उभा होता. मग तो सावकाश वळला, धावत आला, फलंदाजाने बॅट फिरवली आणि दांडी उडाली. घरात आम्ही सहा माणसं. कोणी जागचं हललं नाही. बाबांनी तेवढा चष्मा पुसून घेतला.

केबल तोडून स्ट्रीमिंगचा डबा आणला, त्यानंतरची ही आमची पहिली मॅच.

गिरगावच्या चाळीत मधली भिंत ही नुसती समजूत असते. तिच्या पलीकडे बारा नंबरमध्ये अजून केबल आहे, अलीकडे तेरा नंबरमध्ये इंटरनेट आहे आणि दोघांच्या मध्ये साधारण अर्ध्या मिनिटाचं अंतर आहे. ‘लाइव्ह’ असं कोपऱ्यात लाल अक्षरांत लिहिलेलं असतं खरं, पण इंटरनेटवरचं थेट काही थेट येत नाही. चित्राचे काही-काही सेकंदांचे तुकडे पाडतात, ते सर्व्हरवर चढवतात, आपला डबा त्यातले चार तुकडे आधी पोटात साठवतो आणि मगच दाखवायला घेतो. म्हणजे मध्येच अडखळायला नको. केबललाही थोडा वेळ लागतोच, पण तो अगदीच थोडा. टॉवरमध्ये दार लावून बसणाऱ्या माणसाला आपण मागे आहोत, हे जन्मात कळत नाही. आम्हाला ते दर चेंडूला कळतं.

धाकट्याने यात धंदा शोधला. बारा नंबरचा आवाज कानावर आला की तो पाहुण्यांना विचारतो, ‘काका, पुढच्या बॉलला सिक्स बसते की नाही, लावता पैज?’ डोंबिवलीहून आलेले आमच्या आत्याचे यजमान एका संध्याकाळी तीन आइस्क्रीम हरून गेले. मुलगा क्रिकेटमधला जाणकार आहे, असं ते नात्यात सांगत असतात.

हा डबा मी लॅमिंग्टन रोडवरून आणला. त्या रस्त्याचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग होऊन जमाना झाला. ते बहुधा डी. बी. मार्ग पोलीस ठाण्याच्या पाटीलाच आठवत असावं, आणि तिलाही आद्याक्षरांपुरतंच. दुकानदाराने काउंटरवर दोन डबे ठेवले. एक कंपनीचा. दुसरा काळा, नाव नसलेला, त्याला दोन शिंगं. ‘साहब, ये लो. सब चॅनल, सब पिक्चर, जिंदगीभर फ्री.’ जिंदगीभरचं ऐकून मी वॉरंटी विचारली. म्हणाला, ‘सात दिन. टेस्टिंग वॉरंटी.’ मी कंपनीचा घेतला. प्रामाणिकपणा म्हणून नव्हे. फुकटचा डबा आपल्या वायफायवरून रात्री काय-काय उद्योग करतो, ते त्याच्या मालकालाच ठाऊक.

घरी आल्यावर कळलं की आमच्या टीव्हीला एचडीएमआयचं भोक एकच, तेही मागे, भिंतीच्या बाजूला. टीव्ही उतरवला. मागे २०१६ सालची राखी सापडली.

तर हा आमच्या घरातला तिसरा डबा. आधीच्या दोघांचा इतिहास सांगायला हवा, कारण डब्यांच्या बाबतीत दक्षिण मुंबईइतका अनुभव देशात फार थोड्या ठिकाणी असेल.

२ ऑक्टोबर १९७२ला वरळीचं दूरदर्शन सुरू झालं, तेव्हा डबा वगैरे नव्हता. गच्चीवर अँटेना, खाली टीव्ही आणि पोस्टात जाऊन भरायची परवान्याची वार्षिक फी. रेडिओसारखा टीव्हीलाही परवाना लागत असे, हे आज सांगितलं तर पोरं हसतात. नंतर १९९१ सालच्या आखाती युद्धाने उपग्रहावरचा टीव्ही या देशात आणला, पाठोपाठ खासगी वाहिन्या आल्या, आणि आमच्या गल्लीत एका गच्चीवर परातीएवढी नव्हे, तर पंगतीच्या कढईएवढी डिश उभी राहिली. तिच्यापासून निघालेली काळी वायर कौलांवरून, कपड्यांच्या दोऱ्यांवरून, आंब्याच्या फांदीवरून खोल्याखोल्यांत शिरली. महिन्याला एक रक्कम. पावती नाही, हिशेब नाही. सगळं दिसायचं, शिवाय रात्री केबलवाल्याचा स्वतःचा पिक्चर.

हे सरकारला बघवलं नाही. १ जानेवारी २००७ला दिल्ली, कोलकाता आणि मुंबई यांच्या ठरावीक भागांत ‘कॅस’ नावाचं केबलचं नवं धोरण लागू झालं. चेन्नईत ते २००३पासून होतं. मुंबईतला ठरावीक भाग म्हणजे दक्षिण मुंबई, म्हणजे आम्ही. ७७ रुपये आणि वर कर यात ३० फुकट वाहिन्या. सशुल्क वाहिनी हवी तर डबा बसवा आणि वाहिनीमागे ५ रुपये मोजा. हवं तेवढंच घ्या, तेवढ्याचेच पैसे द्या, असा मंत्र होता. आईने पेन्सिल घेऊन भाजीच्या यादीसारखी वाहिन्यांची यादी केली. पाच पाच रुपयांनी चढत बेरीज केबलच्या जुन्या रकमेपुढे गेली, तेव्हा तिने पेन्सिल ठेवून दिली आणि मावशीला ठाण्याला फोन लावला. ठाण्यात ‘कॅस’ नव्हतं. मावशीकडे डबा नव्हता, यादी नव्हती, आणि सगळं दिसत होतं. निवडीचं स्वातंत्र्य तेवढं आम्हाला मिळालं होतं. तो पहिला डबा.

दुसरा आला २०१२ साली. ३१ ऑक्टोबरच्या मध्यरात्री चारही महानगरांतली जुनी ॲनालॉग केबल बंद व्हायची होती. दिवाळी दोन आठवड्यांवर. पहिला डबा चांगला चालत असताना दुसरा कशाला, असं केबलवाल्याला विचारलं. ‘दादा, आपली कंपनी बदलली.’ एका कंपनीचा डबा दुसऱ्या कंपनीच्या तारेवर चालत नाही, हे तेव्हा समजलं. पहिला डबा गणपतीच्या आराशीत पायरी म्हणून कामाला लागला. मखमल टाकली की कळत नाही.

फेब्रुवारी २०१९मध्ये नवा डबा आला नाही, पण दूरसंचार नियामक ‘ट्राय’चे नवे दर आले. मंत्र तोच: हवं तेवढंच घ्या. यावेळी आधी १३० रुपये जोडणीचे, त्यावर १८ टक्के जीएसटी, आणि त्यात १०० वाहिन्यांपुरती जागा. म्हणजे टीव्ही लावायचे १५३ रुपये ४० पैसे, बघायचे वेगळे. ज्या वाहिनीची किंमत १९ रुपयांहून जास्त, तिला समूहात, म्हणजे ‘बुके’त, घालता येणार नव्हतं. ग्राहकाची लूट होऊ नये म्हणून ही मर्यादा. देशातल्या बड्या वाहिन्यांनी ती वाचली, आणि आपला दर १९ रुपये म्हणून छापला. मर्यादेचा इतका आदर मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

आईची पेन्सिल पुन्हा निघाली. पाच रुपयांची वाहिनी एकोणीस झालेली पाहून ती एवढंच म्हणाली, ‘त्यापेक्षा कोथिंबीर स्वस्त.’

आणि आता तिसरा डबा. घराघरांतल्या पुतण्या-भाच्यांनी तोच मंत्र म्हटला: काका, केबल कशाला? हवं तेवढंच घ्या. घेतलं. केबलचे महिन्याला ४२० रुपये वाचले. वायफायचे ५९० गेले. मग क्रिकेट एका ॲपवर. आईच्या मालिकांपैकी दोन त्याच ॲपवर आणि तिसरी दुसऱ्यावर, कारण वाहिनी वेगळी म्हणजे मालक वेगळा, मालक वेगळा म्हणजे ॲप वेगळं. मुलीला कोरियातली माणसं हवीत, ती तिसऱ्या ठिकाणी राहतात. त्या ॲपवर आमचा दर्जा ‘बेसिक’ आहे. बेरीज मी आईला सांगितलेली नाही. तिला ७७ रुपये अजून आठवतात.

डबा लावला की ॲप आधी विचारतं, कोण पाहतंय? दहा बाय बाराच्या खोलीत हा प्रश्न जरा अवघडच. आम्ही सहा जण. दाराच्या उंबरठ्यावर वाटाणे सोलत बसलेल्या पंधरा नंबरच्या काकू. गॅलरीच्या कठड्याला टेकून आत डोकावणारा दुधाचे पैसे न्यायला आलेला पोरगा. या सगळ्यांचं मिळून एकच चौकोनी तोंड पडद्यावर दिसतं, त्याखाली माझं नाव. परिणामी ॲपची अशी ठाम समजूत झाली आहे की मी एक असा मनुष्य आहे, जो पहाटे कीर्तन ऐकतो, दुपारी कार्टून पाहतो, संध्याकाळी सासवांचे कट आणि मध्यरात्री कोरियन तरुणांसाठी रडतो. ‘तुमच्यासाठी निवडलेलं’ या पाटीखाली ते जे काही मांडतं, ते पाहून बायको अलीकडे माझ्याकडे जरा निरखून बघते.

१९८७ साली रविवारी सकाळी ‘रामायण’ लागायचं तेव्हा याच मजल्यावर एका खोलीत चाळीस माणसं मावत. कोण पाहतंय, असं त्या टीव्हीने एकदाही विचारलं नाही. आता एका खात्यावर दोनच पडदे.

एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे. डब्यामुळे चाळीत आईचं वजन वाढलं. पैसे भरणाऱ्याला मालिकेचा भाग टीव्हीच्या आधी दाखवायची सोय या ॲपवाल्यांनी काढली आहे. म्हणजे मॅच अर्धं मिनिट उशिरा आणि मालिका अर्धा दिवस आधी! तारीख, वार, वेळ यांचा असा खेळखंडोबा पंचांगवाल्यांनाही जमला नसता. सकाळी चहाबरोबर आई रात्री साडेआठला घडणारं पाहून मोकळी होते, मग नळावर जाते. ‘घेते ती आज मंगळसूत्र काढून,’ एवढंच बोलते. बारा नंबरच्या वहिनी कानांवर हात ठेवतात. त्यांनी भिंतीपलीकडून आमच्या विकेटी काढल्या. आईने पाणी भरता भरता त्यांचा घटस्फोट करून टाकला. सध्या दोन्ही खोल्यांत वाटीभर साखरेचीही देवाणघेवाण नाही.

बाबांचं वेगळंच. २० नोव्हेंबर २०२४ला प्रसार भारतीनेही ‘वेव्हज’ नावाचं ॲप काढलं. बाबांना सांगितलं, दूरदर्शन आता ॲपवर आलंय. त्यांनी शांतपणे विचारलं, ‘वरळी इथून दिसायची. गच्चीवर अँटेना थोडी फिरवली की झालं. आता पासवर्ड कशाला?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. पासवर्डही नव्हता, तो मुलीकडे होता आणि ती क्लासला.

परवा एक जाहिरात पाहिली. दहा-पंधरा ॲप एकत्र, एकच पॅक, एकच बिल, एकच रिमोट, वेगवेगळं भरायची कटकट नाही. सगळं दिसणार, महिन्याला एक रक्कम! वाचून भडभडून आलं. इतकी वर्षं आम्हाला सुटंसुटं घ्यायला शिकवलं, पेन्सिली झिजवल्या, आणि आता पुन्हा जुडी बांधून विकताहेत. फक्त त्यात रात्रीचा केबलवाल्याचा पिक्चर नाही.

केबलवाल्याचं काय झालं, ते राहिलंच. कनेक्शन बंद कर, हे त्याला सांगायची मला चोरी झाली होती. वीस वर्षांच्या ओळखीचा माणूस. पावसात पत्र्यावर चढून ॲम्प्लिफायर बदलणारा, गणपतीची वर्गणी न मागता देणारा. शब्दांची जुळवाजुळव करून शेवटी एकदाचं सांगितलं. तो जराही हलला नाही. म्हणाला, ‘बरं दादा. वायफाय कोणाचं घेणार?’

वायफायची बारीक वायर त्याच गच्चीवरून, त्याच कपड्यांच्या दोरीवरून, खिडकीच्या त्याच भोकातून आत आली. भोक आधीच होतं म्हणून त्याने पन्नास रुपये कमी घेतले. मागच्या आठवड्यात ऐन मॅचमध्ये पडद्यावरचं चक्र गोल-गोल फिरायला लागलं. मी ॲपवर तक्रार नोंदवली, बारा आकडी क्रमांक मिळाला, अठ्ठेचाळीस तासांत प्रतिनिधी येतील असा निरोप आला. आईने खिडकीतून खाली हाक मारली. पाच मिनिटांत केबलवाला वर. टी-शर्ट तेवढा वेगळा होता.

१ तारखेला तो आला. आई सवयीने म्हणाली, ‘केबलचे किती रे?’

‘केबलचे नाही मावशी, वायफायचे. पाचशे नव्वद.’

पुढच्या गणपतीत आराशीला दोन पायऱ्या होतील. दुसरा डबाही मोकळा झालाय.

येत्या रविवारी पुन्हा मॅच आहे. बारा नंबरला एकच विनंती. मंगळसूत्राबद्दल आई काही बोलणार नाही, तिचा शब्द मी घेतला आहे. आरोळी जरूर मारा, फक्त थोडी दाबून धरा. अर्धं मिनिट पुरे.