चिठ्ठी क्रेमोनाची, भोपळा पंढरपूरचा

अहो, ऐकलंत का? या ना जरा इकडे, कुंपणाशी. कपडे काय, वाळतील नंतर. कोपऱ्यावरच्या वहिनींच्या व्हायोलिनचं कळलं ना तुम्हाला?

तेच हो, आजेसासऱ्यांचं. गणपतीत आरतीला आलेल्या प्रत्येकाला सांगत होत्या, "आमच्याकडे ओरिजिनल स्ट्रॅडिव्हेरियस आहे." आत लॅटिनमधली चिठ्ठी चिकटवलेली, क्रेमोना गाव आणि सतराशे कितीतरी साल. त्यात जावयांनी मोबाईलवर शोधून दाखवलं की 2011 साली 'लेडी ब्लंट' नावाच्या अशाच एका स्ट्रॅडिव्हेरियसला लिलावात 98 लाख पौंड आले. रुपये नव्हे हं, पौंड! जपानच्या भूकंपग्रस्तांसाठी विकलं म्हणे ते. झालं! त्या दिवसापासून वहिनींनी भाजीवाल्याशी घासाघीस करणं सोडलं. मी डोळ्यांनी पाहिलंय.

तर परवा संध्याकाळी गाण्याच्या क्लासचे सर आले होते. त्यांच्या धाकटीला शिकवतात ना, तेच. वहिनींनी मखमलीतून पेटी काढली, सगळे सोफ्याच्या कडेला. सरांनी टॉर्च घेतला, त्या इंग्रजी एफसारख्या चिरेतून आत पाहिलं, आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. हसले असते तरी परवडलं असतं. मग हळूच म्हणाले, "वहिनी, खाली बारीक अक्षरात 'मेड इन जर्मनी' लिहिलंय."

अहो, तो चेहरा! जावयांनी मोबाईल खिशात घातला. भाऊसाहेब उगीचच पंख्याचं रेग्युलेटर फिरवायला उठले. सर समजूत घालत होते की एकोणिसाव्या शतकापासून जर्मनीतल्या, बोहेमियातल्या कारखान्यांतून अशी हजारो व्हायोलिनं निघाली, सगळ्यांत त्याच नावाची चिठ्ठी. फसवायला नाही, नमुना कुणाचा ते सांगायला. पण ऐकतंय कोण? एकट्या सासूबाईच म्हणाल्या, "मंग? वाजते तं ना ते?"

ज्याच्या नावाची ती चिठ्ठी, तो क्रेमोनाचा व्हायोलिन घडवणारा खरा अंतोनियो स्ट्रॅडिव्हारी मात्र… त्याचं तर तुम्हाला माहीतच असेल. नाही? अगं बाई! त्याने लग्न केलं ते विधवेशी, फ्रान्चेस्का तिचं नाव. आणि तिच्या पहिल्या नवऱ्याला गोळी कुणी घातली, तर तिच्याच भावाने! हे 1664 चं. मग 1667 च्या जुलैत हिचं अंतोनियोशी लग्न, आणि डिसेंबरात पहिली मुलगी. मोजा तुम्हीच बोटांवर, मी काही बोलत नाही. दोन लग्नं मिळून अकरा मुलं. पैसा इतका, की क्रेमोनात श्रीमंताला 'स्ट्रॅडिव्हारीसारखा' म्हणायचे. आणि एवढ्या माणसाने स्वतःसाठी कबर घेतली ती सेकंडहँड! दुसऱ्या घराण्याची जुनी विकत घेऊन वर आपलं नाव कोरवलं. 1737 मध्ये गेला, नव्वदी ओलांडून, शेवटपर्यंत हातात काम. आज त्याची साडेसहाशेच्या आसपास वाद्यं शिल्लक आहेत जगात. त्यातलं एकही आपल्या कोपऱ्यावर नाही, एवढं आता नक्की झालं.

हां, तर काय सांगत होते… सरांनी त्याच दमात आणखी एक बॉम्ब टाकला. 2010 साली अमेरिकेत, इंडियानापोलिसला, एका हॉटेलच्या खोलीत एकवीस वाजवणारे बोलावले होते, चांगले नावाजलेले. खोलीत अंधार, डोळ्यांवर वेल्डरचे काळे चष्मे, वाद्याला जुन्या लाकडाचा वास येऊ नये म्हणून हनुवटीखाली अत्तर लावलेलं. तीन व्हायोलिनं जुनी इटालियन, तीन नवीकोरी. "आवडेल ते घरी न्यायचं असतं तर कुठलं न्याल?" बहुतेकांनी नवं निवडलं हो! सगळ्यांत नावडतं ठरलं ते एक स्ट्रॅडिव्हारीच. हे ऐकून वहिनींना जरा बरं वाटलेलं दिसलं. चहा तरी आला.

मग विषय निघाला धाकटीच्या तंबोऱ्याचा. तिला मोबाईलमधला तंबोरा पुरेना, खरा हवा. जावई म्हणे ऑनलाइन मागवू. सर एकदम ताठ बसले. "नावाचंच घ्यायचं असेल तर मिरजेला जा. सतारमेकर गल्लीत जाऊन कानाने निवडा."

आता मिरजेच्या फरीदसाहेबांची गोष्ट काय मी नव्याने सांगायची? शिकलगार घराणं, तलवारींना धार लावणारं. इंग्रज आले, तलवारी म्यानात गेल्या, धंदा बसला. संस्थानात पटवर्धन सरकार गाण्याचे शौकीन, गवयांची ये-जा. वाद्य बिघडलं की दुरुस्तीला लांब पाठवा. तर फरीदसाहेबांनी ते हातात घेतलं, अशी तिकडची मंडळी सांगतात. दुरुस्ती करता करता घडवायलाच लागले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातलं हे. आज गल्लीच्या गल्ली तेच काम करते.

आणि तंबोऱ्याचा भोपळा कुठला? पंढरपूरच्या बाजूचा! शेगावच्या पालखीबरोबर पंढरीला जाता ना तुम्ही, तिकडचाच. कडू भोपळा, खायचा नाही हं. महिनोन्‌महिने वाळवायचा, भिजवून कापायचा, आकार द्यायचा, वर तून लाकडाची दांडी. पण खरी मेख जवारीत. तारा घोडीवरून जातात ना, ती घोडी कानसेने कणाकणाने घासायची, तार लावून ऐकायची, पुन्हा घासायची. मग तारेखाली सुताचा दोरा, जीवा म्हणतात त्याला, तो केसभर मागेपुढे सरकवायचा. एका जागी तार नुसती टणटणते, आणि केसभर सरकवला की अशी भरून गुंजते… सरांनी स्वतःच्या तंबोऱ्यावर करून दाखवलं होतं. काटा आला अंगावर. हे काही कारखान्यात होत नाही. कान शाबूत लागतो.

गवई अब्दुल करीम खाँसाहेब तर मिरजेतच राहिले, 1937 ला गेले तेव्हा दफनही तिथल्याच दर्ग्यात. गाणं तर होतंच, पण वाद्य दुरुस्त करायलाही हात तयार. बडोद्याच्या ताराबाई मान्यांचं आणि त्यांचं ते प्रकरण… नको, ते निवांत सांगेन, त्याला दोन चहा लागतील.

तर आता मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय मिळालंय, 2024 मध्ये. म्हणजे कुणीही उठून आपल्या मालावर मिरजेचं नाव चिकटवायचं नाही. हे ऐकलं आणि सगळ्यांच्या नजरा हळूच त्या व्हायोलिनकडे गेल्या. वहिनींनी झाकण लावलं.

माझं विचाराल तर, वर्षानुवर्षं तंबोरे ऐकतो आपण, गाणाऱ्याच्या मागे दोन उभे असतात, पण कुणी घडवले हे कधी विचारलंय? तिकडच्या स्ट्रॅडिव्हारीच्या मात्र बायकोच्या भावाची बंदूकही आपल्याला ठाऊक.

बरं, त्यांचं जायचं ठरलंय. मलकापूरला महाराष्ट्र एक्स्प्रेस पकडली की थेट मिरज, गाडी बदलायची भानगड नाही. तुम्हीही जाणार म्हणत होतात ना लेकीसाठी? मग येताना तंबोऱ्याला बर्थ द्या आणि भाऊजींना खाली बसवा. भोपळा एकदा तडकला की रडून उपयोग नाही. आणि हो, आमच्या माळ्यावरच्या तंबोऱ्याची जवारी काढून आणायचीय, तो घेऊन जाल का?