लाकडी घोड्याचा शिलेदार

बल्लारशाचं सागवान. हे दोन शब्द प्रस्तुत लेखक पाहुण्यांसमोर सावकाश, मध्ये श्वास घेऊन उच्चारतो. 2023 साली अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी सागवान गेलं ते चंद्रपूर जिल्ह्यातूनच, ही माहिती लगेच पाठोपाठ येते. पाहुणा पुरेसा भारावला की त्याला मागच्या खोलीत नेऊन कोरीव घोडा दाखवला जातो. घोडा म्हणजे मुलीचं खोगीर ठेवायचा स्टँड. तिकडे दारं झाली, इकडे चार पाय आणि दोन फळ्या.

मुलीने मागितला होता लोखंडी, घडीचा, ऑनलाइन मिळणारा. तिचं खोगीर कानपूरचं (कानपूरच्या खोगिरांना भौगोलिक मानांकन आहे, हेही पाहुण्यांना ऐकावंच लागतं). ते खुर्चीच्या पाठीवर टाकलं की खालच्या गाद्या दबतात आणि पुण्याच्या पावसाळ्यात वारा न लागलेल्या कातड्यावर बघता बघता बुरशी धरते. तिला हवी होती सोय. पण घरात रंधा, पटाशी, गुण्या आणि खतावणी असताना बाजारातून स्टँड आणणं म्हणजे हत्यारांचा अपमान, असं लेखकाने जाहीर केलं. हत्यारांचं मत कोणी विचारलं नाही.

मुळात काम सोपं. खोगिराचा भार कण्याच्या दोन बाजूंना पडावा, कण्यावर पडू नये, म्हणून खोगिराच्या पोटात मधोमध पन्हळ मोकळी सोडलेली असते. स्टँडही तसाच: दोन उतरत्या फळ्या, मध्ये फट. उतार किती ठेवायचा? त्यासाठी मुलीने क्लबातल्या घोड्याच्या खांद्यामागे नकाशावाल्यांची लवचिक पट्टी आडवी दाबली आणि तिचा बाक कागदावर उतरवून आणला. खोगीर बसवणारे कारागीरही असंच माप घेतात. एवढं हाती आल्यावर कोणताही मेस्त्री हे काम दुपारच्या चहाआधी उरकेल. कोरीव कामाची स्टँडला कुठेही गरज नव्हती. गरज लेखकाला होती.

मग तो विश्रामबागवाड्यासमोर वही घेऊन उभा राहिला. दुसऱ्या बाजीरावाने 1807च्या सुमाराला उभ्या केलेल्या त्या वाड्याचं दर्शनी लाकूडकाम पाहून नम्र व्हायला हवं. लेखकाला हुरूप आला. वाडे पाहून पाहून केळफूल, वेल आणि मोर नक्की झाले. सागवानात सिलिका असते, त्यामुळे पटाशीची धार लवकर जाते. म्हणजे नक्षीकाम करणारा बराच वेळ दगडावर पटाशी घासत बसलेला असतो आणि घरच्यांना वाटतं, केवढं काम चाललंय! मधूनच डोकावणाऱ्या म्हाताऱ्या मेस्त्रींनी मोराकडे निरखून पाहिलं आणि विचारलं, "साहेब, वर खोगीर टाकल्यावर ह्यो मोर दिसायचा कुनाला?"

लेखकाने याला व्यावसायिक मत्सर समजून चहा मागवला.

मेस्त्रींचं गणित चोख होतं. खोगिराचे दोन्ही पंखे खाली लोंबतात आणि मोर, वेल, केळफूल सगळं झाकून टाकतात. म्हणून आता पाहुणे यायचे असले की खोगीर उतरवून सोफ्यावर ठेवलं जातं आणि पाहुणे शेजारून खुर्च्या आणून बसतात.

पॉलिशच्या दिवसांत मात्र लेखक खरोखर धास्तावला. खोलीत भुसा, बाटलीत स्पिरिटात भिजलेली लाख, आणि माळ्यावर उंदीर. उंदीर म्हटलं की लेखकाला चिपळूणचं पत्र आठवतं आणि एकदा ते आठवलं की घरातली माणसं हळूहळू उठून जातात. शिवाजी महाराजांनी 1670च्या दशकात चिपळूणजवळ छावणी पडलेल्या लष्कराला लिहिलेलं ते पत्र. त्यात तलवारीपेक्षा वैरणीची चिंता मोठी. आहे तोवर दाणावैरण उधळलीत तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारलीत असं होईल, ही तंबी. रयतेला तोशीस देऊ नका, ही ताकीद. आणि पेटत्या दिव्याची वात उंदीर ओढून नेईल, गवताला आग लागेल, हा इशारा! स्वराज्य उभं करणारा माणूस उंदराचा आणि वातीचा विचार करतो, या मुद्द्यावर लेखक अर्धा तास सहज बोलतो. कोणी उरलंच तर पुढे सभासद बखर निघते: पंचवीस घोड्यांमागे एक नालबंद, एक पखालजी. बारगिराला घोडा सरकारचा, शिलेदाराचा स्वतःचा. त्या हिशेबाने, क्लबाच्या घोड्यावर बसणारी मुलगी बारगीर आणि घरचा घोडा असलेला लेखक शिलेदार, हे तो तिला ऐकवतो. ती हेडफोन लावते.

याच रुबाबात तो मागच्या सुट्टीत एका थंड हवेच्या ठिकाणी गेला. भाड्याचे घोडे रांगेत उभे होते. एकाच्या खांद्याच्या उंचवट्यावर दोन्ही बाजूंना पांढरे ठिपके होते. "आई, किती गोड डिझाइन!" एक लहान मुलगा म्हणाला. मुलीने बापाला बाजूला घेऊन सांगितलं की ते डिझाइन नाही. खोगीर नीट बसत नसलं की तिथे दाब येतो, कातडी सोलते आणि जखम भरल्यावर केस पांढरे उगवतात. पलीकडच्या घोड्याची जखम भरायची होती. तिच्यावर पोत्याची घडी, तिच्यावर खोगीर आणि खोगिरावर सेल्फी काढणारे एक धडधाकट गृहस्थ.

लेखकाला राग आला. कोणाचा, ते ठरेना. घरी सागवानाच्या पाठीला, जिला कधी काही टोचणार नाही, त्याने शोधून आणलेला लोकरी नमदा चिकटवला होता. तो घोडेवाल्यावर चढला, "अहो, याला आज सुट्टी द्या. आणि खोगीर तरी धड घ्या!"

"घोडा शेठचा, खोगीर शेठचं," घोडेवाला शांतपणे म्हणाला. "आज हा उभा ऱ्हायला तर माजी बी हजेरी गेली. मी नुसता लगाम धरतो."

बारगीर. सरकार तेवढं बदललेलं.

उरलेला नमदा पाठवायचं लेखकाने कबूल केलं, आणि माप हवं म्हणून मुलीच्या पिशवीतली लवचिक पट्टी काढून ठिपकेवाल्या घोड्याच्या पाठीवर दाबली. भोवती गर्दी जमली. कुणी विचारलं, डॉक्टर आहेत का? कुणी म्हणालं, नगरपालिकेचे असतील. लेखकाने दोन्ही गोष्टी नाकारायला जरा उशीरच केला. माप कागदावर उतरवून तो निघाला तेव्हा घोडेवाल्याने हात पुढे केला आणि अर्ध्या तासाच्या फेरीचे पैसे मागितले.

"पण मी बसलोच नाही!"

"घोडा तर अडकला ना, साहेब."

लेखकाने घासाघीस केली. मुलीने पूर्ण पैसे दिले.