उभा ट्रेलर, धावता नफा

कर भरायला आधी उत्पन्न लागतं असा तुमचा समज असेल, तर जासईला या. इथे वजन पुरतं.

1989 मध्ये शेजारी जेएनपीटी बंदर सुरू झालं आणि जमिनी गेलेल्या या पट्ट्यात ट्रेलर आले. दहापर्यंत गाड्या असलेल्या मालकाला प्राप्तिकराचं 44एई कलम म्हणतं, वहीखातं नको, पावत्या नकोत. तुझी अवजड गाडी भारासकट जितक्या टनांची, तितके हजार रुपये दरमहा नफा झाला असं धर आणि कर भर. 40 टनांची गाडी म्हणजे वर्षाला 4 लाख 80 हजार. ती रांगेत खोळंबलेली असो की गॅरेजात इंजिन उघडून पडलेली, नफा धावतोच. बँकेचं व्याज? तेही वजा झालं असं समजायचं. खरी कमाई याहून कमी आहे म्हणता? मग ठेवा वह्या, घ्या ऑडिट करून. म्हणजे कमावलं नाही हे सिद्ध करायला आधी सीएची फी कमवायची! 2025 च्या नव्या प्राप्तिकर कायद्यातही कलमाचा नंबर तेवढा बदलला. टनाला हजार कायम.

एरवी यंत्राला सगळं अचूक लागतं. फास्टॅग टोलनाक्यावरची वेळ टिपतो. ई-वे बिल साध्या मालाला 200 किलोमीटरमागे एक दिवस मोजून देतं. कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरला तर 1 एप्रिल 2023 पासून, कोणती एण्ट्री कधी बदलली याची नोंद ठेवणं सक्तीचं आहे आणि ती सोय बंद करता येत नाही. पूर्वी मार्चची एण्ट्री जूनमध्ये सुचायची. आताही सुचते, पण सुचल्याची तारीख मागे राहते.

एवढं सगळं सेकंदात होतं, मग भाड्याचे पैसे कधी येतात? बिल 'साहेबांच्या सहीला गेलंय'. सहीला अजून सॉफ्टवेअर सापडलेलं नाही.

त्यावर प्राप्तिकराचं 43बी(एच) कलम हा उतारा आला. सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत द्या, नाहीतर तो खर्च दिल्याच्या वर्षातच वजा मिळेल. वाचायला झकास. पण जूनचं बिल थेट मार्चमध्ये चुकतं केलं, तर वर्ष तेच, वजावट शाबूत! नऊ महिने दुसऱ्याचं डिझेल जाळून खातं चोख. उशिराबद्दल बँकरेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याजही कायद्यात आहे. ते मागून पाहा. पुढची फेरी दुसऱ्याच्या गाडीला.

तरी मागायचं. हे शेतकरी नेते दि. बा. पाटलांचं गाव. 1984 च्या जानेवारीत इथले शेतकरी जमिनीचा हिशेब मागायला रस्त्यावर उतरले, तेव्हा गोळीबारात पाच जण गेले. त्यापुढे थकलेल्या भाड्याचं स्मरणपत्र पाठवणं फार अवघड नसावं.

तेव्हा ट्रेलरमालकांनो, सूक्ष्म-लघु उद्योग म्हणून उद्यम नोंदणी करून घ्या, बिलावर तो नंबर टाका आणि ‘90 दिवसांनी पेमेंट’ असं छापलेला कागद पुढे आला तर त्यावर मुकाट्याने सही ठोकू नका. असं कलम कायद्यापुढे टिकत नाही, आणि लेखी करारच नसेल तर मुदत 45 नव्हे, 15 दिवसांची आहे.