रस्सा निर्दोष, कांदा गुन्हेगार

रविवार, सकाळचे अकरा. अमरावतीत चिकनच्या दुकानापुढं रांग. माझ्या पुढचा गिऱ्हाईक डोळे बारीक करून विचारतो, "इंजेक्शनवाली तं नाही ना बावा?"

"नाही ना भाऊ, एकदम फ्रेश हाये!" म्हणत दुकानदार रक्ताळल्या ओल्या हातानं सुटे पैसे परत देतो. गिऱ्हाईकाचं समाधान. नोटा खिशात.

आपण इंजेक्शनला भितो, हाताला भीत नाही.

औषधाची भीती तशी खोटी नाही. माणसावर दुसरं काही चालेना की डॉक्टर अगदी शेवटी कोलिस्टिन हे अँटिबायोटिक काढतात. तेच कोंबड्यांच्या खाद्यात, वजन वाढावं म्हणून जायचं. त्याला न जुमानणारा, एका जंतूकडून दुसऱ्याकडं उसना जाणारा जनुक चीनमध्ये सापडल्याचं जगाला २०१५ मध्ये कळलं. आपल्याकडं जनावरं, कोंबड्या आणि त्यांच्या खाद्यासाठी कोलिस्टिनवर बंदी आली जुलै २०१९ मध्ये. मधली वर्षं बहुधा फायलीला पिसं फुटायची वाट बघण्यात गेली.

बरं, बंदी खाद्यावर. ठोकळ्यावर कुठं आहे? सकाळपासून तोच ठोकळा, तोच सुरा, पिसं काढायचं तेच मशीन, गरम पाण्याचा तोच पिंप. एका कोंबडीचं आतडं फुटलं की साल्मोनेला, ई-कोलायची वाटणी मागच्या सगळ्यांना. हट्टी जंतू असला तर तोही वाटणीत.

आता वऱ्हाडी रस्सा. तर्री वर येईस्तोवर रटरटलेल्या त्या पातेल्यात कुठला जंतू टिकतो? हट्टी असो की साधा, मरतोच. रस्सा निर्दोष. गुन्हेगार शेजारचा कांदा, चिकन कापलेल्याच विळीवर चिरलेला, कच्चा, वर लिंबू पिळून.

सोमवारी पोट बिघडतं. मग हाच गिऱ्हाईक मेडिकलवर: "दोन दिवसांच्या अँटिबायोटिकच्या गोळ्या द्या." चिठ्ठी? कशाला! तीन गोळ्यांत बरं वाटलं की उरलेली पट्टी फ्रिजवर. अकोल्यात पशुवैद्यकांची स्नातकोत्तर संस्था आहे, सरकारी मेडिकल कॉलेजही आहे. पण चिठ्ठी ना कोंबडीला लागते, ना खाणाऱ्याला.

तर येत्या रविवारी कांदा आधी चिरा, झाकून ठेवा. चिकन मागून. आणि ते नळाखाली खळाखळा धुऊ नका. शिंतोडे थेट कोथिंबिरीवर जातात.